फ्रेम राहू द्या, डॉग आणि पिना बनवून घ्या : पोर्टहोलबद्दल वाचकांचे प्रश्न

ह्या वेळी शिडाच्या बोटींच्या खिडक्यांवरच बरीच पत्रं आलीत, सीझन संपून बोटी वर काढल्या की सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं बहुतेक. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच. पहिल्या पत्राला उत्तर जरा मोठं झालंय पण त्यातलं बरंचसं बाकीच्यांनाही लागू आहे, तेव्हा ते आधी वाचा.

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही दोघा मित्रांनी मिळून एक जुनी २७ फुटी फायबरची शिडाची बोट घेतली, १९७०च्या दशकातली, इंग्लंडमध्ये बांधलेली. केबिनला सहा उघडणारी पोर्टहोल आहेत, फ्रेम तपकिरी-सोनेरी धातूची, चांगली जड. त्यातल्या दोघांचे डॉग, म्हणजे झाकण आतून आवळून धरायचे बोल्ट, तुटलेत, एकाच्या बिजागरीची पिन झिजून खिडकी लोंबते, आणि सगळ्यांची रबरं दगड झालीत. जोराचा पाऊस आला की झोपायचा बंक ओला. कुठल्या कंपनीच्या आहेत ते फ्रेमवर दिसत नाही. एक ओळखीचे म्हणाले सहाच्या सहा नवीन टाका, पण नव्यांची मापं आमच्या भोकांना जुळत नाहीत. काय करावं? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : नवीन टाकू नका. निदान आत्ता तरी नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून फ्रेम ब्रॉन्झची वाटते आणि ब्रॉन्झची ओतीव फ्रेम पन्नास वर्षांनीसुद्धा फक्त वरून काळी-हिरवी पडते, आतून तशीच असते. तुमचं गेलंय ते सगळं बारीक सामान, डॉग, पिन, रबर, आणि ही तिन्ही कामं एक बरा टर्नर आणि एक रबरवाला मिळाला की होतात. ह्याउलट नव्या खिडक्यांसाठी भोक वाढवायचं म्हणजे केबिनची बाजू कापायची, आणि दोन खिडक्यांच्या मध्ये जो फायबरचा पट्टा उरतो तोच तर केबिनला उभं धरतो. लाटेचा मार ह्याच बाजूवर बसतो. आपल्या मुंबईत, कुलाब्याला सागवानात बांधलेली सुहैली, जिच्यावरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकटे, कुठेही न थांबता जगाला फेरी मारून आले, ती दक्षिण महासागरात आडवी झाली तेव्हा तिचं केबिनच जागेवरून हललं होतं. तुम्ही काही तिकडे जाणार नाही पण रेवस-मांडव्याच्या पट्ट्यात संध्याकाळी उलटा वारा-भरती झाली की काय होतं ते तुम्हाला माहितीये. भोक आहे तेवढंच ठेवा.

आता डॉग का तुटले ते आधी बघू, नाहीतर नवे केलेले पण तुटतील. रबर नवं असतं तेव्हा डॉग दोन बोटांनी आवळला तरी पाणी थांबतं. रबर कडक झालं की पाणी येतं, मग माणूस जोर लावतो, मग पाना लावतो, आणि मग जिथे बोल्टचा डोळा पातळ आहे तिथे तो तुटतो. म्हणून क्रम असा ठेवा की आधी सहाही खिडक्यांची रबरं बदला, मग डॉगकडे वळा.

रबर काढताना लोखंडी पटाशी वापरू नका, लाकडाची किंवा प्लास्टिकची पाचर करून घ्या. खाच साफ झाली की तिची रुंदी आणि खोली व्हर्नियरने चार ठिकाणी मोजा, जुनं रबर मोजून काही उपयोग नाही कारण ते दबून आकसलेलं असतं. खिडकी बंद केल्यावर नवं रबर साधारण चौथा हिस्सा दबायला पाहिजे, त्या हिशोबाने जाडी ठरवा. ईपीडीएम किंवा निओप्रीन घ्या, मऊ प्रतीचं, स्पंज घ्यायचं असेल तर बंद छिद्रांचं, उघड्या छिद्रांचं पाणी पितं. दुकानदार दारं-खिडक्यांचं पीव्हीसी बीडिंग रबर म्हणून दाखवतात ते घेऊ नका, उन्हात दोन सीझनमध्ये कडक होतं. पट्टी खाचेत बसवताना ताणायची नाही, उलट जरा आत ढकलत ढकलत बसवायची आणि किंचित जास्तच ठेवून कापायची, नाहीतर ती नंतर आकसते आणि जोडावर फट पडते. जोड वरच्या बाजूला मधोमध घ्या, खालच्या कडेला पाणी साचतं. जोडाला साधं सुपर ग्लू चालतं, ईपीडीएम आणि निओप्रीनला. सिलिकॉन रबर घेतलंत तर सुपर ग्लू धरत नाही, तिथे सिलिकॉन सीलंटच लावावं लागतं. आणि ज्या धारेवर रबर टेकतं, फ्रेमच्या झाकणाची ती उठलेली कड, तिच्यावर ठोका पडलेला असेल तर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, हे सगळे विसरतात.

आता डॉग. शाबूत असलेला एक डॉग काढा, तोच तुमचा नमुना. रचना सोपी असते, एक बोल्ट ज्याच्या एका टोकाला डोळा, तो फ्रेमच्या दोन कानांमध्ये पिनेवर झुलतो, झाकणाच्या खाचेत येऊन बसतो आणि वरून एक मोठा नट आवळायचा. पहिला प्रश्न आट्यांचा. इंग्लंडची जुनी बोट म्हणजे आटे बहुतेक व्हिटवर्थ, इंचातले. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, एका इंचात १८ आटे. ह्याच्यावर बाजारातला ८ एमएमचा नट सुरुवातीला जातो आणि मग अडकतो, आणि मदतनीस पोरगं जोर लावून तो बसवतं, तिथेच आटे मरतात. पिच गेज, म्हणजे आटे मोजायची दातेरी पट्टी, लावून बघितल्याशिवाय काही फिरवू नका. अमेरिकन यूएनसीचे आटे दोन सूत, अडीच सूत आणि तीन सुताला संख्येने व्हिटवर्थएवढेच आहेत, २०, १८ आणि १६, फक्त कोन ६० अंशाचा, व्हिटवर्थचा ५५, त्यामुळे खिडकीच्या कामापुरते एकमेकांवर चालून जातात. अर्ध्या इंचाला मात्र १२ आणि १३ असा फरक आहे, तिथे चालत नाही. व्हिटवर्थचे टॅप-डाय मुंबईत नागदेवी स्ट्रीटला अजून मिळतात, जुन्या मशिनींसाठी लोकांना लागतातच.

दुसरा प्रश्न धातूचा आणि इथे मी जरा हट्टाने सांगणार आहे. टर्नरकडे जाऊन नुसतं पितळेत बनव म्हणालात तर तो हातात असलेला फ्री कटिंग ब्रासचा रॉड लावेल, आयएस ३१९ म्हणून मिळतो तो, लेथवर झकास कापला जातो म्हणून सगळ्यांचा आवडता. त्यात जवळपास चाळीस टक्के जस्त असतं. खाऱ्या पाण्यात आणि खाऱ्या हवेत ते जस्त निघून जातं आणि मागे उरतं ते गुलाबी, भुसभुशीत तांबं, वरून आकार तोच दिसतो पण ताकद गेलेली असते. तुमचा तुटलेला डॉग जिथे तुटलाय तिथला रंग बघा, गुलाबी दिसला तर तो आधीच कोणीतरी पितळेचा करून घातलेला आहे. तुम्हाला हवंय ते गनमेटल, ८५ टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५. भारतात ह्याला आयएस ३१८ चा एलटीबी-२ ग्रेड म्हणतात, व्हॉल्व्ह आणि बुश करणारे हेच वापरतात, त्यामुळे बुशवाल्याकडे गनमेटलचा ओतीव सॉलिड रॉड मिळतो. मॅंगनीज ब्रॉन्झ नावाला भुलू नका, ते खरं तर जास्त जस्ताचं पितळच आहे.

माझं मत विचाराल तर बोल्ट ३१६ स्टेनलेसचा आणि नट गनमेटलचा करा. स्टेनलेसवर स्टेनलेस नट घातला की आटे एकमेकांना चिकटून जाम होतात, कधीकधी एका आवळण्यातच, आणि मग कापावंच लागतं. स्टेनलेसवर गनमेटल असं होत नाही. आणि ३१६ च घ्या, ३०४ वर समुद्राच्या हवेत तपकिरी डाग येतात, लोहचुंबकाने ह्या दोघांतला फरक कळत नाही, दुकानात मॉलिब्डेनम तपासायचं थेंबाचं किट असतं ते समोर लावून दाखवायला सांगा, ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून रंग बदलतो. नटाला कान ठेवायचे की गोल नर्लिंगचा, म्हणजे पकडीसाठी कडेला बारीक खाचांचा, करायचा हे तुमच्यावर, पण मी म्हणेन गोल आणि मोठा करा, तीस एमएमच्या आसपास, कान असले की कोणीतरी त्यात स्क्रू ड्रायव्हर घालून पिळतंच. दोन तुटलेत पण करताना चार-पाच जास्तीचे करून ठेवा, लेथ एकदा सेट झाला की पुढचे नग स्वस्तात पडतात.

बिजागरीच्या पिनेचं म्हणाल तर पिन ही तिथली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे, पण झिजलेलं भोक अंडाकृती झालेलं असतं, त्यात जुन्याच मापाची पिन घातली तर झाकण पुन्हा लोंबणार आणि रबरावर वाकडं टेकणार. भोक जरा वरच्या मापाला रीम करून गोल करा आणि त्या मापाची ३१६ ची सळी घाला. कानात मांस कमी असेल तर रीम न करता पातळ बुश, म्हणजे धातूची नळी, बसवा. जुनी पिन ठोकून काढताना फ्रेमच्या कानाखाली लाकडाचा ठोकळा धरल्याशिवाय हातोडी उचलू नका, ओतीव ब्रॉन्झ वाकत नाही, तडकतं. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल घालून ठेवा, सकाळी हलकं गरम करा, काच आणि रबर काढल्यानंतरच अर्थात.

कान तुटलाच तर सिलिकॉन ब्रॉन्झच्या रॉडने टिग वेल्डिंग करून भरता येतो. गनमेटलमध्ये शिसं असल्यामुळे वेल्डिंगला ते त्रास देतं, बुडबुडे येतात, मग सिल्व्हर ब्रेझिंग, म्हणजे चांदीमिश्रित रॉडने डाग देणं, बरं. हे काम गॅस वेल्डिंगच्या कुठल्याही दुकानात नका देऊ, फ्रिज-एसीच्या तांब्याच्या पाइपांची कामं करणाऱ्याचा हात ब्रेझिंगवर बसलेला असतो, त्याला विचारा.

सहापैकी एखाद्याचं अख्खं झाकण किंवा आतली रिंगच गायब असेल, तुम्ही लिहिलेलं नाही पण दुसऱ्या कोणाचं असेल, तर ओतकाम करून घ्यावं लागतं. दुसऱ्या खिडकीचं झाकण नमुना म्हणून वाळूत दाबता येतं पण थेट नाही, कारण ब्रॉन्झ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं, ३०० एमएमचं झाकण साडेचार एमएमने लहान निघेल आणि फ्रेमवर बसणारच नाही. म्हणून एकतर मूळ झाकणावर पुट्टीचा थर देऊन ते वाढवायचं, किंवा आता सोपं म्हणजे माप घेऊन थ्रीडी प्रिंटचा पॅटर्न करायचा, दीड टक्का मोठा, जिथे मशिनिंग होणार तिथे अजून तीनेक एमएम जास्त, आणि बाजूंना थोडा उतार म्हणजे पॅटर्न वाळूतून न फाटता निघतो. कोल्हापूरला फाउंड्र्या भरपूर आहेत पण बहुतेक बिडाच्या, तुम्हाला नॉन-फेरसवाला, म्हणजे तांबं-पितळ ओतणारा, शोधावा लागेल. एका नगासाठी कोणी भट्टी लावत नाही, त्यांचं व्हॉल्व्ह किंवा बुशचं ओतकाम ज्या दिवशी असेल त्याच दिवशी तुमचा साचा लावायला सांगा, धातूही मग बरोबर तोच मिळतो. भंगारातलं मिसळून वितळवू नका म्हणून स्पष्ट सांगा.

कंपनीचं नाव शोधायचा प्रयत्न सोडू नका मात्र. फ्रेम काढाल तेव्हा मागच्या बाजूला, सीलंटच्या थराखाली, नाव किंवा पार्ट नंबर ओतलेला असतो कधीकधी. बोट कुठल्या यार्डची आहे ते कळलं तर इंग्लंडात अशा जुन्या बोटींच्या मालकांच्या संघटना आहेत, वेस्टर्ली यार्डच्या बोटींची तर चांगली जुनी आहे, तिथे तुमच्याच खिडकीचं सामान कोणी ना कोणी आधी शोधलेलं असतं. तिकडे जुन्या बोटींच्या सामानाचे बाजार भरतात, बोट जंबल म्हणतात, तुमचं कोणी नातेवाईक तिकडे असेल तर त्यांना नुसता फोटो न पाठवता मापं पाठवा. भोकाची लांबी-रुंदी, कोपऱ्याचा गोलावा, केबिनच्या भिंतीची जाडी, फ्रेमचा गळा, म्हणजे भिंतीच्या भोकात शिरणारा भाग, आत किती जातो ते, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर. आणि फ्रेमवर पातळ कागद धरून वरून शिसपेन्सिल घासा, एकास एक नकाशा मिळतो, तो टर्नरलाही चालतो आणि परदेशातल्या दुकानालाही.

प्रश्न : चोर बाजारातून एक सुंदर पितळी पोर्टहोल घेतलं, जहाजाचं ओरिजिनल आहे असं दुकानदार म्हणाला. माझ्या २४ फुटी बोटीला पुढच्या केबिनमध्ये बसवायचं आहे. कसं बसवू? — एक वाचक, वाशी

उत्तर : ते दोनपैकी एक आहे. एकतर शोभेचं, म्हणजे पातळ पितळ, चकचकीत पॉलिश, आत साधी तीन-चार एमएमची काच, आरसा बसवून पण विकतात तसलं. बिजागरीला हलवून बघा, खेळ असेल, आणि रबराची खाच एकतर नसेल किंवा नुसती नावाला असेल. हे बोटीला लावायचं नाही, एका लाटेत काच आत येईल. छोट्या बोटींच्या खिडक्यांच्या ताकदीसाठी आयएसओ १२२१६ म्हणून प्रमाणच आहे, काच कुठे आहे, किती मोठी आहे त्यावर जाडी ठरते, आणि पुढचं केबिन म्हणजे सगळ्यात जास्त मार खाणारी जागा.

किंवा मग ते खरंच जहाजाचं आहे, मुंबईच्या दारूखाना बंदरात किंवा गुजरातमध्ये अलंगला तोडलेल्या जहाजातलं. अलंगला १९८३ पासून जहाजं तोडतात, त्यातलं सामान रस्त्याच्या कडेच्या दुकानांत लागतं आणि तिथून मुंबईत येतं. असं असेल तर ते फारच जड असेल, आणि ते पोलादी भिंतीसाठी बनलेलं आहे, फायबरच्या पातळ बाजूवर ते वजन एका बाजूला, पाण्यापासून एवढ्या उंचावर, २४ फुटी बोटीला नको. शिवाय त्याचा गळा आणि कड पोलादावर रिव्हेट किंवा वेल्ड करायच्या हिशोबाची असते.

पण टाकूनही देऊ नका. खऱ्या पोर्टहोलचे डॉग बघा, घसघशीत गनमेटलचे असतील तर त्यातून लेथवर लहान डॉग निघतात, असा धातू रॉडच्या दुकानात सहज मिळत नाही. कानशीने एका कोपऱ्यात घासून रंग बघा, पिवळा जर्द म्हणजे पितळ, लालसर म्हणजे गनमेटल. बाकी घरात भिंतीला लावा, ते तिथे खरंच शोभेल.

प्रश्न : माझी १९८४ची अमेरिकन बोट आहे, बार्नेगॅट बेमध्ये असते. खिडक्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या. काचेच्या जागी जे पारदर्शक प्लॅस्टिक आहे त्यात जाळं जाळं झालंय, बाहेरचं काही दिसत नाही, आणि बंद करायच्या खिट्ट्या एकेक करून तुटतायत. माझ्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे, खिट्ट्या घरीच करू का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुम्ही नशीबवान जागी आहात, तुमच्याकडे सामान मिळतं. आधी फ्रेमच्या आतल्या कडेवर बेकसन, बोमार किंवा लुमार असं काही कंपनीचं नाव कोरलंय का बघा. नाव असेल तर खिट्ट्या, रबर, काच सुटं मिळतं का ते विचारा, मिळालं तर प्रिंटरच्या भानगडीत पडायचं कारणच नाही.

नाही मिळालं तर प्रिंट करा पण पीएलए ह्या नेहमीच्या प्रिंटिंग प्लॅस्टिकमध्ये नको, ते साठ अंशाच्या आसपास मऊ पडतं आणि बंद बोटीत उन्हाळ्यात खिडकीच्या चौकटीला तेवढी उष्णता सहज होते. एएसए प्लॅस्टिक वापरा, ऊनही सोसतं आणि तापही. प्रिंटचे थर अशा दिशेने ठेवा की ओढ थरांच्या आडवी येणार नाही, नाहीतर थर उलगडतात. त्यापेक्षा खरं टिकाऊ म्हणजे डेलरिन नावाच्या कडक प्लॅस्टिकच्या काळ्या पट्टीतून मिलिंग करून घ्या, प्रिंट केलेला तुकडा फक्त माप बरोबर आहे का ते बघायला वापरा. काळाच का, तर पांढरा डेलरिन उन्हात लवकर जातो.

पारदर्शक भागासाठी कास्ट अ‍ॅक्रिलिक घ्या, मूळ जेवढ्या जाडीचं होतं तेवढ्याच. जाड घातलं की झाकण रबरावर वेगळ्या ठिकाणी टेकतं. पॉलिकार्बोनेट हातोडीने फुटत नाही हे खरं, पण उन्हात पिवळं पडतं, ओरखडे लवकर येतात आणि अ‍ॅक्रिलिकपेक्षा जास्त वाकतं. लेझरने कापून देतो म्हणतील, नका घेऊ, लेझरच्या उष्णतेने कडेला ताण राहतो आणि नंतर सीलंटचा किंवा स्पिरिटचा स्पर्श झाला की तिथूनच जाळं सुरू होतं. राउटरने कापून घ्या. तुमच्या जुन्याला जे जाळं पडलंय त्यात उन्हाचा वाटा आहेच पण अमोनियावाला काच साफ करायचा स्प्रे किंवा अ‍ॅसिटोन लागलं असेल तर ते आणखी लवकर होतं. साबणाचं पाणी, बास.

अ‍ॅक्रिलिक गरमीने बरंच वाढतं, ४०० एमएमच्या तुकड्यात हिवाळ्या-उन्हाळ्याच्या ४० अंशांच्या फरकाला एक एमएमच्या वर. म्हणून फ्रेमच्या खाचेत चारी बाजूंनी मोकळी जागा ठेवा, स्क्रू जात असेल तर भोक स्क्रूपेक्षा मोठं. सीलंट पॉलिसल्फाइड अजिबात नको, ते अ‍ॅक्रिलिक आणि बऱ्याच प्लॅस्टिकला खातं. डेकच्या कामाचं जबरदस्त चिकटणारं पॉलियुरेथेनही नको, पुन्हा काढताना फ्रेमच तुटेल. ग्लेझिंगचं न्यूट्रल क्युअर सिलिकॉन इथे बरोबर आहे, किंवा सिकाफ्लेक्सचं २९५ यूव्ही त्याच्या प्रायमरसकट, साधं २९१ नाही. प्लॅस्टिकची फ्रेम बोटीच्या भिंतीला बसवताना मात्र ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, लावा, स्क्रू हळूहळू, दोन-तीन दिवसांत थोडे थोडे करून आवळा म्हणजे ते दाबाने पसरायला वेळ मिळतो.

प्रश्न : अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमभोवती पांढरी पावडर येते आणि स्टेनलेसचे स्क्रू अजिबात फिरत नाहीत. डोकी घासली गेली. खिडकीखालचं फायबर दाबलं तर मऊ लागतं. — एक वाचक, पणजी

उत्तर : शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, तिथून सुरुवात करू. भिंतीच्या आत हलक्या बाल्सा लाकडाचा किंवा प्लायचा गाभा आहे आणि खिडकीच्या भोकातून पाणी शिरून तो कुजलाय. नुसती खिडकी नीट करून भागणार नाही. फ्रेम काढा, भोकाच्या कडेने कुजलेला गाभा जिथे संपेल तिथपर्यंत खरवडून काढा, चांगला असेल तिथेही दहा-बारा एमएम आत खणा, पूर्ण वाळू द्या आणि घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा. त्यानंतर पाणी आलं तरी गाभ्यापर्यंत जाणार नाही. पावसाळ्यात हे उघड्यावर करू नका, इपॉक्सीवर दमट हवेत मेणचट थर येतो आणि पुढचा थर धरत नाही, गोव्यात ऑक्टोबरनंतरच घ्या हातात.

स्क्रूचं कारण अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस खाऱ्या पाण्यात एकत्र हे आहे, त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पावडर आट्यांमध्ये फुगून बसते. मोठ्या सोल्डरिंग आयर्नने स्क्रूचं डोकं तापवा, पेनिट्रेटिंग ऑइल द्या, गार झालं की पुन्हा, मग हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून हातोडीचा एक ठोका. नाहीच तर डोकं ड्रिलने उडवा, फ्रेम निघाल्यावर उरलेला दांडा व्हाइस ग्रिपने निघतो. पुन्हा बसवताना प्रत्येक स्क्रूला ड्युरालॅक किंवा टेफ-जेल ही दोन धातूंना वेगळं ठेवणारी पेस्ट लावल्याशिवाय घालू नका. फ्रेमला खड्डे रबराच्या खाचेत पडले असतील तर इपॉक्सीने भरून घासून सपाट करता येतात, कडेची भिंतच खाऊन गेली असेल तर ती फ्रेम गेली, तिथे नवीन घेणंच बरोबर.

प्रश्न : सगळं नवीन केलं, रबर, डॉग, सगळं. तरी एका पोर्टहोलमधून थेंब येतात. रबराला व्हॅसलिन लावलं तरी तेच. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : व्हॅसलिन आधी पुसून काढा, ईपीडीएम तेला-पेट्रोलियमने फुगतं. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस, तेही नखाएवढं.

मग झाकणाच्या धारेवर पांढरा खडू घासा, बंद करा, डॉग नेहमीइतकेच आवळा, उघडा. रबरावर खडूची रेघ अखंड उमटली पाहिजे. जिथे तुटली तिथे फट आहे, आणि ती बहुतेक बिजागरीच्या बाजूला सापडेल, कारण जाड रबर घातलं की बिजागरीकडे झाकण अडतं आणि डॉगकडे मोकळं राहतं, किंवा उलट. बिजागरीच्या पानाखाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याचा तुकडा, देऊन किंवा काढून ते सरळ होतं. रेघ अखंड आहे तरी थेंब येतात तर पाणी झाकणातून येतच नाहीये, फ्रेम आणि भिंतीच्या मधून येतंय. बाहेरून होजने पाणी सोडा, खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर, आत कोणीतरी टॉर्च घेऊन बसलेलं पाहिजे, पहिला थेंब आला ती उंची बाहेरून टेपने मार्क करा. वरून पाणी मारत बसलात तर सगळीकडूनच ओघळतं आणि काही कळत नाही. फ्रेममधून निघालं तर स्क्रू आवळून थांबणार नाही, आणि बाहेरून सिलिकॉनचा पट्टा ओढूनही नाही. फ्रेम पूर्ण काढून, जुनं सगळं साफ करून ब्यूटाइलवर परत बसवा.